‘कमी पोहा, वेगात पोहा’ : पण कमी म्हणजे किती?

वय चाळीसच्या आसपास. फ्रीस्टाइल येते, हजार मीटर आरामात होतात, पण जोर लावून पन्नास मीटर मारायला गेलं की घड्याळ चाळीस सेकंदांच्या खाली काही उतरत नाही. नायगावातून टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर जाणारे तुम्ही असाल, तर हे दुखणं तुम्हाला माहीत असेल. त्यावर काठावर दोन सल्ले मिळतात. जुना सल्ला असा : ‘अजून लांब पोहा, दम वाढला की वेग आपोआप येतो.’ नवा सल्ला मोबाइलवरून आलेला : ‘लांब पोहणं बंद करा. संशोधनच सांगतंय, कमी पोहा, वेगात पोहा.’

या नव्या सल्ल्यामागे संशोधन आहे, हे खरं. पण त्या संशोधनात नेमकं काय आहे आणि सल्ला देणारे त्यातलं काय उचलतात, यात बरंच अंतर पडलंय. आजच्या पोस्टमध्ये ते अंतर मोजू. माझा पीएचडीचा विषय द्रवगतिकी, म्हणजे पाणी आणि त्यातून जाऊ पाहणारी वस्तू यांचं भांडण. त्यामुळे शेवटी थोडं गणितही येईल. घाबरू नका, घनापर्यंतच जायचंय.

निबंध काय म्हणतो

१९९१ साली अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी एक निबंध छापला. प्रश्न साधा होता : जलतरणपटूंना रोज दोनदा सराव करायला लावतात, त्या दुसऱ्या सरावाचा खरंच उपयोग होतो का?

त्यांनी कॉलेजच्या संघातल्या मुलांचे दोन गट केले आणि २५ आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मधल्या सहा आठवड्यांत एक गट रोज दीड तास पोहला आणि दुसरा गट रोज दोनदा दीड-दीड तास. बाकीचे आठवडे दोघांचा सराव सारखाच. निष्कर्ष असा, की दुप्पट पोहणाऱ्यांना ताकदीत, दमात किंवा स्पर्धेतल्या वेळेत जास्तीचा काहीच फायदा झाला नाही. उलट त्या सहा आठवड्यांत त्यांचा जोराचा, म्हणजे स्प्रिंटचा, वेग घटला.

निबंधाची ताकद त्याच्या मांडणीत आहे. ‘अमुक चॅम्पियन इतकं पोहतो’ अशा गोष्टींवर चालणाऱ्या खेळात कुणीतरी दोन सारखे गट केले, एकच गोष्ट बदलली आणि मोजलं. तीन तास पाण्यात घालवले म्हणजे दीड तासाच्या दुप्पट फळ मिळेल, हा समज त्यातून ढासळला. एवढ्यापुरता निबंध पटण्यासारखाच आहे.

आणि काय म्हणत नाही

आता तुम्ही एक हिशेब करा. ‘कमी’ पोहणारा गट रोज दीड तास पोहत होता. कॉलेजच्या संघातली मुलं दीड तासात पाचेक किलोमीटर सहज काढतात. म्हणजे निबंधातलं ‘कमी’ हे आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर. तुमची बॅच पाऊण-एक तासाची, आठवड्यातून चार दिवस. लेनमध्ये गर्दी, त्यात पुढचा माणूस मध्येच ब्रेस्टस्ट्रोक मारणारा. तुमचे आठवड्याचे होतात चार, फार तर पाच किलोमीटर. निबंधातला ‘कमी’वाला गट तुमच्या आठवड्याइतकं एका दिवसात पोहत होता!

मग ‘संशोधन सांगतंय कमी पोहा’ हे वाक्य तुमच्यापर्यंत आलं कसं? निबंधातला ‘कमी’ हा शब्द प्रवास करत आला, त्याच्यामागचा आकडा वाटेत गळला.

दुसरी मर्यादा. गट मुलांचे होते, वयाने विशीच्या आसपासचे आणि वर्षानुवर्षं शिस्तीत पोहलेले. त्यांच्यात बायका नाहीत, चाळिशीचं कुणी नाही, तिशीनंतर पोहायला शिकलेलं तर नाहीच. एकविशीच्या शरीरात थकवा रात्रीत उतरतो. पंचेचाळिशीत, लोकलचा प्रवास आणि ऑफिस धरून, तो उतरायला दोन दिवस लागतात. या बाबतीत निबंध तुमच्यासाठी अपुरा आहे, आणि लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण केला.

तिसरी मर्यादा जास्त नाजूक आहे. सहा आठवड्यांत स्प्रिंटचा वेग घटला, तो कायमचा की तात्पुरता? थकलेला स्नायू हळू चालणारच. स्पर्धेआधी सराव कमी करत आणतात, त्याला ‘टेपर’ म्हणतात, आणि त्यानंतर झाकलेला वेग वर येतो. शेवटी दुप्पटवाला गट पुढेही गेला नाही आणि मागेही पडला नाही. म्हणून ‘लांब पोहण्याने वेग मरतो’ असं म्हणणं निबंधाच्या पुढे उडी मारणं आहे. ‘थकलेल्या शरीराने वेगाचा सराव होत नाही’ इतकंच त्यातून नीट निघतं.

चॅम्पियनच्या गोष्टी कशा वाचायच्या

या सल्ल्यासोबत हल्ली कॅमरन मॅकएव्हॉयचं नाव येतं. भौतिकशास्त्र शिकलेला हा ऑस्ट्रेलियन टोकियो ऑलिम्पिकनंतर पाण्यापासून लांब गेला. परत आला तो सरावाचं अंतर मोडीत काढून. जिममध्ये ताकद, पाण्यात मोजके पण पूर्ण वेगाचे तुकडे. २०२४ ला पॅरिसमध्ये, तिसाव्या वर्षी, २१.२५ सेकंदांत त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. लोक यातलं ‘कमी पोहला’ एवढंच लक्षात ठेवतात. त्याआधी लहानपणापासून तो जे हजारो किलोमीटर पोहला, ते त्याच्या खांद्यात आणि तळहातात जमा होतं. नव्या पद्धतीने त्या ठेवीवर व्याज मिळवलं. तुमच्या-माझ्या खात्यात ती ठेव नाही.

आपल्याकडची गोष्ट बघा. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी, २००८ ला, बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. १९८६ मध्ये खजान सिंगने रौप्य घेतलं, त्यानंतर जलतरणात भारताला मिळालेलं हे पहिलंच आशियाई पदक. पुढे तो तहसीलदार झाला, मालवणला नोकरी केली, काही वर्षं स्पर्धांपासून दूर राहिला. आणि २०१८ ला जकार्तामध्ये, सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायला आलेलं असताना, प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७. कांस्य हुकलं ०.०१ सेकंदाने. त्या वेगाला ०.०१ सेकंद म्हणजे साधारण सव्वादोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढं. २०२३ ला गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने आणि त्याची बायको ऋजुताने, दोघांनीही ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

खंड पडल्यावर आणि वय वाढल्यावरही वेग परत येऊ शकतो, हे यातून कळतं. अमेरिकेचा अँथनी अर्विन पस्तिसाव्या वर्षी रिओत ५० मीटरचं सुवर्ण जिंकला, डारा टोरेसने एक्केचाळिसाव्या वर्षी बीजिंगमध्ये रौप्य घेतलं. पण हा पुरावा नव्हे, ही उदाहरणं आहेत. परत येऊन हरले त्यांच्या बातम्या होत नाहीत. त्यामुळे अशा गोष्टींनी उमेद घ्यावी, सरावाचं वेळापत्रक घेऊ नये.

आता घनाचं गणित

तुम्ही ५० मीटर ४० सेकंदांत पोहता, म्हणजे वेग सेकंदाला १.२५ मीटर. ३६ सेकंद हवेत, तर वेग १.३९ मीटर लागेल. वाढ फक्त ११ टक्के. पण पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी शक्ती घनाने. १.११ चा घन १.३७. म्हणजे ११ टक्के वेगासाठी ३७ टक्के जास्त शक्ती! चाळिशीत जिममध्ये जाऊन ती मिळवायला किती काळ लागेल, विचार करा.

हेच गणित उलटं वाचा. शक्ती आहे तेवढीच ठेवली आणि शरीराचा विरोध सव्वा टक्क्याने नाही, साधारण २७ टक्क्यांनी कमी केला, तरी तोच वेग मिळतो. खूप वाटतं ना? मुरलेल्या स्पर्धकाकडे इतकी जागा शिल्लक नसते. पण मोठेपणी शिकलेल्या माणसाकडे असते. डोकं वर उचलून श्वास, खाली लोंबणारे पाय, कात्रीसारखे फाकणारे गुडघे, भिंत ढकलताना सैल सोडलेलं अंग. ही सगळी पाण्याला दिलेली फुकटची लाच आहे. म्हणून कॉलेजच्या मुलांवरचं संशोधन जिथे संपतं, तिथे तुमचं खरं काम सुरू होतं. त्यांनी अंतर कमी करून वेग वाचवला, तुम्ही विरोध कमी करून वेग कमवायचा.

मग उद्याच्या बॅचमध्ये काय करायचं?

निबंधातून आणि शरीरशास्त्रातून जेवढं नीट निघतं, तेवढंच सांगते. पूर्ण जोराच्या पहिल्या दहाएक सेकंदांना लागणारं इंधन स्नायूत आधीच साठवलेलं असतं आणि ते पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. त्यामुळे वीस-तीस सेकंद विश्रांती घेऊन मारलेले ‘स्प्रिंट’ तिसऱ्या-चौथ्यापासून स्प्रिंट उरत नाहीत, दमाचा सराव होतात. तोही चांगला, पण त्याला वेगाचा सराव म्हणू नका.

आठवड्यातले दोन दिवस निवडा. दहा-बारा मिनिटं अंग मोकळं करा. मग १५ मीटरचे सहा ते आठ तुकडे पूर्ण जोराने, मध्ये दोन ते तीन मिनिटं. ही विश्रांती काठाला धरून ‘फुकट’ वाटेल, लोक ‘काय, दमलात का?’ विचारतील. विचारू द्या. प्रत्येक तुकड्यात हात किती मारले ते मोजा. वेग म्हणजे एका हातात कापलेलं अंतर गुणिले हातांची गती. हात भराभर फिरवून अंतर घटलं, तर गुणाकार तिथेच. वेळ आणि हातांची संख्या, दोन्ही बिघडायला लागल्या की थांबा, त्या दिवसाचा वेग संपला. उरलेले दिवस आरामात लांब पोहा. तुमच्या चार किलोमीटरमधून काही कापायची गरज नाही.

जिम हवीच, कारण वय वाढतं तसे झटक्याच्या कामाचे स्नायुतंतू आधी बारीक होतात. पण हातात मोठे पॅडल घालून खांद्यावर एकदम भार टाकू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पूर्ण जोराआधी डॉक्टरांना विचारा. आणि एक गोष्ट अजिबात करू नका : भराभर श्वास घेऊन मग दम कोंडून पाण्याखाली मारणं. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि श्वास घ्यायची हाक यायच्या आत शुद्ध हरपू शकते. चांगले पोहणारेही यात गेलेत.

कॉस्टिलचा निबंध तीसहून जास्त वर्षांनंतरही वाचण्यासारखा आहे, पण तो जास्त पोहणाऱ्यांना आवर घालायला लिहिला होता. आपण त्याचा उपयोग कमी पोहायची परवानगी म्हणून करतोय. पुढच्या वेळी कुणी ‘संशोधन सांगतं’ म्हणालं, की दोन प्रश्न विचारा : कुणावर केलं, आणि ‘कमी’ म्हणजे किती मीटर? उत्तर आलं नाही, तर गॉगल लावा आणि पहिला १५ मीटरचा तुकडा सुरू करा.