वंशावळीतला ‘दक्षिण भारतीय’

ऑफिसच्या कामासाठी आठ महिने आइंडहोवनला होतो, तेव्हा दर रविवारी फोनवर आईचा एक प्रश्न ठरलेला असायचा, “त्या दुकानांत जात नाहीस ना रे?” जात नव्हतो. मी साधी सिगरेटही ओढत नाही. पण एका पावसाळी शनिवारी ॲमस्टरडॅमच्या गांजा संग्रहालयात गेलो, आणि परतीच्या ट्रेनमध्ये फोनवर बियाण्यांचे कॅटलॉग वाचत बसलो. गेल्या दोन वर्षांत जे काही मनापासून वाचलं त्यात या कॅटलॉगांचा नंबर बराच वर लागेल. (आईला संग्रहालयाचंही सांगितलेलं नाही. तिने हे वाचू नये एवढीच प्रार्थना.)

कॅटलॉगांचा एक ठराविक सूर असतो. आधी वाणाचं नाव, मग आईबाप, मग उंची, फुलोरा किती आठवड्यांत, उत्पन्न किती, वास कसा, स्वभाव कसा. थेट आपला लग्नाचा बायोडेटा. उंची, गोत्र, गृहकृत्यदक्ष. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात रिलीज नोट्सही दिसतात : मागच्या आवृत्तीपेक्षा फुलोरा लवकर, बुंधा मजबूत, नवख्यांनाही जमेल.

त्यात ‘व्हाइट विडो’पाशी मी अडकलो. हे 1990च्या दशकात ॲमस्टरडॅममधून जगभर गाजलेलं वाण. वंशावळीच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ब्राझिलियन गुणिले दक्षिण भारतीय. ते नेमकं कोणी घडवलं यावरून ग्रीन हाउस कंपनीचे अर्यान रोस्कम आणि त्यांचे एकेकाळचे भागीदार शांतीबाबा यांच्यात जुना वाद आहे. (नावावर जाऊ नका, शांतीबाबा ऑस्ट्रेलियन आहेत.) मुलाखतींतून, कॅटलॉगांतून श्रेयासाठी एवढी हमरीतुमरी होते, पण रकान्यातल्या त्या ‘दक्षिण भारतीया’ला नाव नाही. फार तर ‘केरळच्या डोंगरातला एक शेतकरी’. लग्नपत्रिकेत एका बाजूला सगळं खानदान छापावं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं ‘पाहुणे’ म्हणावं, तसं.

हे वाचून मला राग यायला हवा होता. त्याऐवजी ओशाळल्यासारखं झालं, कारण हे काम मी स्वतः केलेलं आहे. पहिल्या नोकरीत एका अनोळखी माणसाने फुकट वाटलेला कोड मी आमच्या प्रॉडक्टमध्ये घेतला होता. फाइलच्या डोक्यावर चार ओळींत त्याचं नाव होतं आणि ‘हे नाव काढू नका’ एवढी एकच अट. आमच्या फाइलींना एकसारखं रूप द्यायचं म्हणून मी त्या ओळी उडवल्या. कुणी विचारलं नाही. कोड अजून तिथेच चालू असेल. त्या माणसाचं नाव मला आज आठवत नाही.

तर मायकल पोलनच्या ‘द बॉटनी ऑफ डिझायर’ (2001) या पुस्तकाबद्दल. गांजाच्या बियाण्यांवर गंभीरपणे वाचायचं म्हटलं की हेच पुस्तक सुचवलं जातं. सफरचंद, ट्युलिप, गांजा आणि बटाटा अशी चार प्रकरणं. माणूस झाडं वाढवतो की झाडं माणसाला वापरून घेतात, असा उलटा प्रश्न पोलन विचारतो. लिहितो फार छान. परसात लपवून दोन-चार झाडं लावलेली, आणि जळणाचं लाकूड घेऊन आलेला माणूस निघतो गावचा पोलीसप्रमुख! तो प्रसंग मी रात्री एकटाच हसत वाचला. पुढे पोलन ॲमस्टरडॅमला जातो, दिव्यांच्या झगझगाटात वाढणारी बुटकी, तुऱ्यांनी लदलेली झाडं बघतो, आणि ती घडवणाऱ्या बागवानांच्या कसबाने भारावून जातो.

त्याचं एक म्हणणं अगदी पक्कं आहे. ज्याला जग ‘डच’ बियाणं म्हणतं त्यातलं बरंचसं मूळ अमेरिकेत जुळवलेलं होतं. ‘स्कंक नंबर 1’ हा अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांचा संकर कॅलिफोर्नियातला. ‘हेझ’ही तिथलंच. ‘नॉर्दर्न लाइट्स’ अमेरिकेच्या वायव्य टोकाचं. तिकडे पोलिसांचा ससेमिरा वाढला तशी ही मंडळी आणि त्यांची बियाणी नेदरलँड्सला आली. ‘सॅम द स्कंकमन’ म्हणून ओळखला जाणारा डेव्हिड वॉटसन 1985च्या सुमाराला आला. नेव्हिल स्कूनमेकर्स हा डच आईबापांचा ऑस्ट्रेलियन त्याच्याही आधी, 1984 साली, टपालाने बियाणं विकू लागला होता. अमेरिकन मासिकात जाहिरात, पाकिटात पैसे, उलट टपाली बी. 1990 मध्ये अमेरिकेच्या सांगण्यावरून त्याला ऑस्ट्रेलियात अटक झाली, आणि त्याचा साठा पुढच्या वर्षी बेन ड्रॉंकर्सच्या ‘सेन्सी सीड्स’कडे गेला. मी पाहिलेलं संग्रहालय याच ड्रॉंकर्सनी 1985 साली सुरू केलेलं.

मग डचांनी केलं काय? पोलन इथे घाईत आहे, त्यांना शेवटचा हात फिरवणारे ठरवून पुढे सरकतो. माझ्या मते खरं काम तिथेच आहे. गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी, परागण वाऱ्यावर, त्यामुळे एकाच पाकिटातल्या दहा बियांतून दहा तऱ्हेची झाडं उगवतात. त्यांतली निवडून, पुन्हा आपसांत संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या छाटणी करून एकसारखी संतती मिळवणं हे कंटाळवाणं आणि शिस्तीचं काम. त्यासाठी जागा लागते, दिवे लागतात आणि रात्री दार वाजणार नाही याची खात्री लागते. नेदरलँड्समध्ये 1976 च्या कायद्याने गांजाला हेरॉइनपासून वेगळं काढलं, आणि बी तर गुन्ह्याच्या व्याख्येतच बसत नव्हतं. वर काचघरांची आणि कृत्रिम उजेडाची पिढीजात सवय. फुलांचा कंद पाकिटात घालून जगभर पाठवणाऱ्या देशाला गांजाचं बी पाठवणं अवघड नव्हतं. त्यांनी गांजाला आवृत्ती क्रमांक दिला, कागद दिला, पत्ता दिला. एक इंजिनियर म्हणून मी याला सलाम करतो, आमच्यातल्या किती टीम्सना एवढंही जमत नाही!

माझं पोलनशी भांडण दुसरीकडे आहे. त्याच्या गोष्टीतला नायक आहे अमेरिकन बागवान, सरकारी छळातून प्रतिभा फुललेला. ही गोष्ट त्याला इतकी आवडते की तिच्याआधीची शेकडो वर्षं कच्च्या मालासारखी ओझरती येतात. डोंगरात कुठेतरी झाडं होती, हिप्पींनी बिया खिशात घालून आणल्या, मग खरी कथा सुरू. पण लवकर फुलणारं बुटकं अफगाण झाड निसर्गाने आयतं दिलेलं नव्हतं. हिंदुकुशच्या थंडीआधी पीक हाती यावं, राळ भरपूर निघावी, म्हणून कुणीतरी दर वर्षी बी राखताना निवड केली होती. ॲमस्टरडॅमच्या अक्षांशावर केरळचं झाड उघड्यावर पिकत नाही, फुलायच्या आत थंडी येते. ही अडचण ज्या गुणाने सुटली तो गुण शेतकऱ्यांनी घडवलेला होता.

आणि बिनबियांचा गांजा? मादी झाडांना पराग मिळू दिला नाही की तुरे राळेने भरतात, हे कॅलिफोर्नियाचं तंत्र म्हणून सांगितलं जातं. ब्रिटिशांनी नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनचा 1894 चा अहवाल उघडा. बंगालात नौगावच्या शेतांत ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ नावाचा जाणकार मजुरीवर बोलावला जाई. तो रांगेने फिरत नर झाडं फुलायच्या आत ओळखून मोडत जाई. इंग्रजांनी त्याला चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटलंय. 1193 साक्षीदार तपासून लिहिलेला हा अहवाल, त्यात आपल्या नगर जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतीचीही नोंद आहे. पोलनच्या पुस्तकात पोद्दाराला एक परिच्छेद मिळाला असता, तर त्याच्या नायकाची उंची थोडी कमी झाली असती, पुस्तकाची वाढली असती.

पोद्दाराच्या कामाचा डच शेवट तर विलक्षण आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस ‘डच पॅशन’ या कंपनीने फक्त मादी झाडंच उगवतील असं बियाणं बाजारात आणलं. मादी झाडावर रसायन मारून त्यालाच पराग धरायला लावायचा, तो दुसऱ्या मादीवर टाकायचा, आणि मग त्या बियांत नर जवळजवळ नसतोच. ग्राहकाची सोय झाली, पोद्दाराची गरज संपली. पण नर नाही म्हणजे नेहमीच्या रीतीने पुढच्या वर्षाचं बीही नाही. पुन्हा पाकीट घ्या. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी सीडी विकायचं सोडून महिन्याची वर्गणी सुरू केली, त्याच्या कितीतरी आधी हे जमलेलं होतं. ही बियाणी आता उगमाच्या दिशेने परत निघाली आहेत. मोरोक्कोच्या रीफ डोंगरात थोड्या पाण्यावर येणारं ‘बेल्दिया’ हे स्थानिक वाण मागे पडलं, आणि जास्त पाणी पिणारे संकरित वाण शेतात आले.

इथे कुणी म्हणेल, मग हक्क मागा की! हळदीच्या वेळी मागितला होता. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं, आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ दाखवून ते 1997 मध्ये रद्द करवलं. मराठी शाळांत हे आपण अभिमानाने ऐकलं. (गंमत म्हणजे पेटंट ज्या मिसिसिपी विद्यापीठाचं होतं, त्याच विद्यापीठाकडे कितीतरी वर्षं अमेरिकन सरकारसाठी गांजा पिकवण्याचा परवाना होता.) पण हळद लावल्याचं आजी अभिमानाने सांगू शकते. केरळच्या डोंगरातल्या माणसाने ‘व्हाइट विडोचा बाप माझ्या शेतातला’ असं म्हणायचं म्हणजे गुन्ह्याची कबुली द्यायची. आपला एनडीपीएस कायदा 1985 चा, म्हणजे ॲमस्टरडॅमचं संग्रहालय उघडलं त्याच वर्षीचा. त्यात विनापरवाना गांजा लावला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गांजाच्या व्याख्येतून सुटं बी मात्र आपल्या कायद्यानेही वगळलंय. म्हणजे बी परदेशी गेलं तर त्याला कंपनी मिळते, पाकीट मिळतं, बक्षीस मिळतं, आणि ते राखणाऱ्याने गप्प बसायचं. कॅटलॉगमधला तो निनावी रकाना एकट्या डचांनी लिहिलेला नाही. निम्मा आपण दिल्लीत लिहिला.

त्याच आठ महिन्यांत मला आणखी एक डच पुस्तक सापडलं, स्कॅन करून ठेवलेलं, फुकट. ‘होर्तुस मलाबारिकुस’. मलबारचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर काढलेले बारा खंड, ॲमस्टरडॅम, 1678 ते 1693. दहाव्या खंडात गांजा आहे, दोन पानभर चित्रांत, ‘कलेंगी-कंजावा’ आणि ‘त्सेरू-कंजावा’ या मल्याळी नावांनी. दक्षिण भारतीय गांजा ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात पोचला तो व्हाइट विडोच्या तीनशे वर्षं आधी.

आणि पहिल्या खंडात माहिती देणाऱ्यांची नावं आहेत. इट्टी अच्युदन या इळवा वैद्याने आपल्या घराण्याच्या ताडपत्रांतून आणि पाठांतरातून औषधी गुण सांगितले, त्याचं प्रमाणपत्र आहे. कोचीनमध्ये राहणाऱ्या तीन कोंकणी वैद्यांचं वेगळं आहे, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. ऱ्हेडेला साधू समजायचं कारण नाही. कंपनीला औषधं स्वस्तात हवी होती, आणि युरोपातल्या विद्वानांनी विश्वास ठेवावा म्हणून त्याला साक्षीदार लागत होते. श्रेय देण्यात त्याचा स्वार्थ होता. इट्टी अच्युदनची ताडपत्रं पुढे कुठे गेली कुणास ठाऊक, ऱ्हेडेचे खंड मात्र ग्रंथालयांत जपून आहेत. पण फाइलच्या डोक्यावरच्या त्या चार ओळी त्याने उडवल्या नाहीत.

आइंडहोवनच्या खोलीत, फोनवर दोन बोटांनी पान मोठं करत गेलो. आजूबाजूला सगळं लॅटिन, आणि मध्येच नागरी अक्षरं. 1675 साली कोचीनमध्ये लिहिलेली, ॲमस्टरडॅमला तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. वळण जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले, भाषा कोंकणी. बराच वेळ काही लागेना. मग एक नाव लागलं.