गाण्याचे शेपूट

“आजोबा, तुम्ही हरलात!” माझी सहा वर्षांची नात टाळ्या पिटत ओरडली. मी नुकताच ‘विमान’ हा शब्द उच्चारला होता.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता लेकीकडे तोक्योला गेलो होतो. आगगाडीत वेळ जावा म्हणून नातीने शब्दसाखळीचा खेळ काढला. शब्द मराठी, नियम मात्र तिच्या शाळेतले. तीस वर्षे फळ्यावर मराठी व्याकरण शिकवलेला मी तिला समजावू लागलो, “अगं, ‘न’ सर्वांत सोपा! नदी, नारळ, नवरा, नवस…” ती मान हलवून म्हणाली, “न् आला की खेळ संपला. न् ने काही सुरूच होत नाही.”

तिचेही बरोबर होते. जपानी लेखनात ‘न्’ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याने सुरू होणारा शब्द जवळजवळ नाहीच. म्हणून ज्याच्या शब्दाच्या शेवटी ‘न्’ आला तो बाद. या खेळाला तिकडे ‘शिरितोरी’ म्हणतात. ‘शिरि’ म्हणजे मागचा भाग आणि ‘तोरी’ म्हणजे घेणे, थोडक्यात शब्दाचे शेपूट धरणे. एकाच अक्षराने एका भाषेत दार उघडते आणि दुसऱ्या भाषेत तेच दार बंद होते. आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलो, तरी ही गोष्ट मला एका सहा वर्षांच्या मुलीने शिकवावी, याची गंमत वाटली.

हाच खेळ मोठी माणसे गाण्यांच्या नावांनी खेळतात, हे एका संध्याकाळी कळले. जावईबापूंच्या कचेरीतले सहकारी आम्हाला कराओकेला घेऊन गेले. दहाबारा माणसांची बंद खोली, पडद्यावर सरकणारे शब्द आणि तयार वाद्यसंगीत. ‘कारा’ म्हणजे रिकामा, ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राच्या जपानी उच्चाराचे लघुरूप. गायकावाचूनचा हा वाद्यवृंद १९६७ साली नेगिशी शिगेइची यांनी एका पेटीत बसवला. कोबेच्या इनोउए दाइसुके यांनी १९७१ साली आपले वेगळे यंत्र बनवले, पण त्याचे पेटंट घेतले नाही. माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत शिकवली, म्हणून त्यांना २००४ साली ‘इग नोबेल’चा विनोदी शांतता पुरस्कार मिळाला. त्या खोलीत दोन तास बसल्यावर मला त्यात विनोद फारसा दिसेना.

आपली पाळी येईपर्यंत मंडळी नावांची शिरितोरी खेळत होती. जावईबापू अर्थ सांगत होते, मी वहीत टिपून घेत होतो. एका तरुणाने २०२३ सालचे ‘आइदोरु’ म्हटले, म्हणजे इंग्रजीतले ‘आयडॉल’. शेवटचे अक्षर ‘रु’. जपानीत ‘रु’ने सुरू होणारे शब्द फार थोडे, त्यामुळे तरुण मंडळी अडली. तेवढ्यात कोपऱ्यातले एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘रुबी नो युबिवा’, अर्थात माणकाची अंगठी. तेराओ आकिरा यांचे १९८१ सालचे गाणे. मग ‘वा’वरून ‘वाकात्ते कुदासाइ’ (१९७६), म्हणजे ‘समजून घ्या’. ‘इ’वरून ‘ईई ही ताबिदाची’, यामागुची मोमोए यांनी १९७८ साली गायलेले प्रवासाला निघण्याचे गाणे. ‘चि’वरून कुणीतरी उत्साहाने ‘चाम्पिओन’ म्हणून मोकळा झाला. ते ‘आरिसु’ या गटाचे त्याच वर्षीचे, उतरत्या वयाच्या मुष्टियोद्ध्यावरचे गाणे. शेवटी ‘न्’! गाणे विजेत्याचे, आणि नाव घेणारा बाद. खोलीभर हशा पिकला.

माझ्यातला मराठीचा शिक्षक मात्र ‘रु’पाशीच थांबला होता. २०२३ च्या गाण्याने १९८१ च्या गाण्याचे दार ठोठावले होते. हे कुणा वडीलधाऱ्याच्या उपदेशाने घडले नाही, एका अवघड अक्षराने घडवून आणले. आपल्या भेंड्यांत ‘ठ’ किंवा ‘ढ’ आला की पोरे आजीच्या तोंडाकडे बघत. आजी एखादी ओवी, एखादे भजन काढी आणि चढणारी भेंडी वाचवी. साखळीचा खेळ अडचणीच्या अक्षरातून जुन्या पिढीला बोलायला लावतो. त्याचा हा गुण मोठा.

दोष असा की त्यात गाण्याचे फक्त नाव लागते. ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’, म्हणजे ‘त्सुगारु सामुद्रधुनीतले हिवाळी दृश्य’, हे इशिकावा सायुरी यांचे १९७७ सालचे गाणे घ्या. शिरितोरीत ते नाव दोन सेकंदांत संपते, ‘कि’ हे शेपूट पुढच्याच्या हातात येते आणि हिवाळा कुठल्या कुठे राहतो. त्याच खोलीत एका बाईंनी ते गायला घेतले. गाण्यातली स्त्री उएनोहून रात्रीच्या गाडीने निघते, आओमोरीला उतरते, बोटीवर चढते, आणि एवढे सगळे झाल्यावर कडव्याच्या शेवटी ते नाव येते. म्हणजे गाणाऱ्याला नावापर्यंत पोहोचण्यासाठी तो गारठा पार करावा लागतो. समुद्राखालचा बोगदा १९८८ साली सुरू झाला आणि तिथली रेल्वेची बोटसेवा बंद पडली. ती बोट आज या गाण्यात चालते, तीही कुणी कडवे पुरे केले तरच.

म्हणून माझे मत असे झाले की गाणे निवडणे ही सामान्य माणसाची समीक्षाच आहे. कराओकेला गाणे निवडताना आपला गळा कुठवर जाईल, समोर कोणत्या वयाची मंडळी आहेत, याचा विचार करावा लागतो. प्रत्येकाचे एक ठेवणीतले गाणे असते, त्याला ‘ओहाको’ म्हणतात आणि तो शब्द ‘अठरा’ या आकड्याने लिहितात. एकोणिसाव्या शतकात सातव्या इचिकावा दान्जूरो या नटाने आपल्या घराण्याची अठरा काबुकी नाटके निवडली, त्यावरून हा अर्थ रूढ झाला. वडीलधाऱ्याचे ठेवणीतले गाणे धाकट्याने आधी गाऊन टाकू नये, एवढी जाण त्या खोलीत होती. योनेझू केन्शी यांचे २०१८ सालचे ‘लेमन’ हे मृताच्या आठवणीचे गाणे तिथे आवडीने गायले गेले. शिरितोरीत मात्र ते कवडीमोल, कारण शेवटी ‘न्’. एका खेळात जे नापास, ते दुसऱ्यात पहिले!

यंत्राच्या गुणांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गाणे संपले की पडद्यावर गुण झळकतात, सूर किती जुळला, कंप किती घेतला याचे. परीक्षा घेण्यात माझे आयुष्य गेले, तरी सांगतो, गुणांसाठी निवडलेले गाणे ओळखू येते. गाणारा पडद्यावरच्या रेषेकडे बघतो, माणसांकडे नाही. त्या बाईंना किती गुण पडले हे कुणी पाहिलेही नाही.

आणखी एक जोडी सांगतो. ‘नादा सोओसोओ’ हे नाव ओकिनावा बेटांच्या बोलीतले, म्हणजे ओघळणारे आसू. मोरियामा र्योको यांनी दिवंगत भावाच्या आठवणीने ते लिहिले, आणि २००१ साली नात्सुकावा रिमी यांनी गायल्यावर ते देशभर गेले. बोलीतले नाव कुणी ‘शुद्ध’ करून घेतले नाही. त्याचे शेवटचे अक्षर लिहिताना ‘उ’ येते, आणि ‘उ’वरून ‘उए ओ मुइते आरुकोओ’, वर पाहत चालूया, हे साकामोतो क्यू यांचे १९६१ सालचे गाणे. दोन्ही अश्रूंची. दुसऱ्याचे आदी आणि अंती अक्षर ‘उ’च, त्यामुळे पुढच्याला तेच अक्षर परत मिळते. हेच गाणे १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण ‘सुकियाकी’ या एका खाद्यपदार्थाच्या नावाने. नाव बदलले की साखळी तुटते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

आपल्या भेंड्या या दोन्हींच्या मध्ये उभ्या आहेत. मराठी गाण्याला बहुधा वेगळे नावच नसते. मुखडा हेच नाव. त्यामुळे निदान दोन ओळी गाव्या लागतात. पण त्या दोन ओळींपुढे काय? माझ्या शाळेतल्या मुलांना शंभर मुखडे येतात आणि दुसरे कडवे एकाचेही येत नाही.

आणि एक कबुली. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत गाडीत भेंड्या रंगल्या होत्या. ‘ढ’ आला. मराठी शाळेत शिकणारी, आईकडून कानडी असलेली एक मुलगी आजीचे कानडी पद गाऊ लागली. मुलांनी हरकत घेतली आणि निवाडा माझ्याकडे आला. “भेंड्या मराठीच्या आहेत,” असे म्हणून मी ते बाद ठरवले. ती मुलगी उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत बसली. नियमाने मी चूक नव्हतो. पण त्या पदाचे पुढचे कडवे तिला बहुधा येत होते, आणि त्या गाडीत पुरे गाणे येणारी कदाचित ती एकटीच होती. तोक्योच्या त्या खोलीत ओघळणाऱ्या आसवांचे बोलीतले नाव ऐकताना मला ती खिडकी आठवली.

परतण्याच्या आदल्या रात्री नातीने आणि मी नवा नियम केला. शब्द मराठी असो वा जपानी, चालेल. ‘न्’ आला तर हरायचे नाही, पण ज्याच्यावर तो येईल त्याने एक गाणे पुरे म्हणायचे, शेवटच्या कडव्यापर्यंत.

मी मुद्दाम ‘विमान’ म्हटले. ती क्षणभर थांबली आणि तिच्या आईने शिकवलेले अंगाईगीत म्हणू लागली. दुसऱ्या कडव्याला अडखळली, तेव्हा पुढचे शब्द मी सांगायला गेलो, आणि ते मलाही आठवेनात. स्वयंपाकघरातून तिच्या आजीने ते पुरे केले.