मीना म्हणजे कुठला ‘रंग’?

‘जयपूर एनॅमल्स’ हे जेकब आणि हेन्डली यांचं १८८६ चं पुस्तक. मीनाकामावर वाचायला लागलात की ते तुम्हाला भेटणारच. जेकब इंजिनिअर, हेन्डली डॉक्टर, दोघंही जयपुरात कामाला. रंगीत छपाई इतकी देखणी की मी पहिल्यांदा तासभर नुसती चित्रंच बघत बसले. मग मसुद्यात लिहिलं, ‘सोन्यावर रंग भरण्याची कला’. गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले: कुठला रंग?

मीना ही काच असते. धातूंच्या ऑक्साइडनी रंगलेली काच कुटायची, धुवायची, सोन्यात कोरलेल्या खळग्यांत भरायची आणि भट्टीत वितळवायची. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा काच त्याच्या बरीच आधी वितळायला हवी. थंड होताना दोघांचं आकसणंही जुळायला हवं, नाहीतर मीना तडकून सुटतो. ज्याला जास्त उष्णता चालते तो रंग आधी भाजायचा, म्हणून पांढरा पहिल्यांदा आणि लाल शेवटी. नक्षी ताडून बघायला ती चित्रं आजही कामाची आहेत, पण त्यांत दिसतो तो तयार दागिना. भट्टीतला क्रम त्यांवरून कळत नाही, आणि माणसांची वाटणीही नाही: चितेरा नक्षी आखतो, घडिया कोरतो, मग मीनाकार काच भरतो.

हे समजूनही मी दुसरी चूक केलीच. मी बोईसरची. जवळच चिंचणीत दागिन्यांच्या डाय बनतात: पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, वर पातळ पत्रा ठेवून ठोकला की आकार उठतो. माझ्या तक्त्यात मीना ‘हस्तकला’खाली आणि डाय ‘यंत्र-उत्पादन’खाली. ओळखीचे एक काका आयुष्यभर भिंग लावून डाय कोरत आलेत. त्यांना तक्ता दाखवला तर म्हणाले, “अगं, साचा काय झाडाला लागतो?”

खरंच की. घडियाचा हात मोजायचा आणि काकांचा नाही, हे कुठल्या निकषावर? फरक एवढाच, की घडिया प्रत्येक दागिन्यावर कोरतो आणि काका एकदाच कोरतात. पुढचे शेकडो दागिने त्या एका कोरण्यातून निघतात. आता कॉम्प्युटरवर कोरलेल्या डाय येतात आणि काकांकडचं काम आटलंय. रकाना चुकला तर हे आटणं माझ्या प्रबंधात कुठेच नोंदलं जाणार नाही.

काकांची ओळ मी हलवली आहे. गाईड विचारतायत, रकान्याला नाव काय देणार? सध्या पेन्सिलने ‘कोरणारे’ लिहून ठेवलंय.