पॉलिअमाइन आणि केंद्रकातील प्रोटीन कायनेज : पुरावा कितपत पुरतो?

पेशीजीवशास्त्राच्या पाठांत एक विधान वारंवार येते : ‘पॉलिअमाइन केंद्रकातील प्रोटीन कायनेजची क्रियाशीलता वाढवतात.’ विधान चुकीचे नाही, पण ते ज्या प्रयोगांवर उभे आहे ते प्रयोग त्याहून थोडे कमी सिद्ध करतात. या टिपणात ते अंतर तपासू.

प्रथम बलस्थान पाहू. १९८७ साली दत्ता, शेल आणि रू यांनी ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात वाटाण्याच्या कोवळ्या अंकुरशेंड्यांच्या केंद्रकांतील एनटू प्रकारच्या कायनेजवर काम प्रसिद्ध केले. स्पर्मिनमुळे या कायनेजची क्रिया वाढते, हे त्यांनी दाखवले आणि केंद्रकातील एका प्रथिनाच्या फॉस्फोरिलेशनशी तिचा संबंध जोडला. हे विकर आज केसीन कायनेज २ या गटात ओळखले जाते. त्यात दोन उत्प्रेरक अल्फा आणि दोन नियामक बीटा उपघटक असतात. बीटा उपघटकावर ऋणभारित अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे. चार धनभारांचे स्पर्मिन तिथे बसते. म्हणजे परिणामामागे रेणूंच्या पातळीवरचे कारणही सापडते.

आता शंका. वेगळ्या केलेल्या केंद्रकांत आपण मोजतो ते प्रथिनात शिरलेले किरणोत्सारी फॉस्फेट. हा आकडा जमा आणि खर्च यांची निव्वळ शिल्लक असतो. तो वाढला, तर चार शक्यता उरतात : कायनेज जलद झाले, फॉस्फटेज मंदावले, क्रोमॅटिनची ठेवण बदलून प्रथिन कायनेजच्या हाती लागले किंवा एटीपी जास्त काळ टिकला. स्पर्मिन डीएनएला बांधते आणि क्रोमॅटिन घट्ट करते, त्यामुळे तिसरी शक्यता सहज नाकारता येत नाही.

दुसरी अडचण मात्रेची आहे. पेशीतील स्पर्मिनचा बराचसा भाग आरएनए, डीएनए आणि एटीपी यांना बांधलेला असतो. मोकळे किती, हाच कळीचा प्रश्न. परीक्षानळीतील परिणाम मॅग्नेशियम आणि क्षारांच्या प्रमाणावरही अवलंबून असतो. म्हणून नळीतली वाढ तशीच्या तशी पेशीवर लादता येत नाही.

मग कोणता पुरावा समाधानकारक ठरेल? शुद्ध विकर आणि केसीन घेतल्यास क्रोमॅटिनची अडचण दूर होते. हेपारिन या कायनेजला रोखते, तसेच ते एटीपीप्रमाणे जीटीपीही वापरते. या दोन खुणांनी ओळख पटते. फॉस्फटेजरोधक घालून खर्चाची बाजू बंद करता येते. पण निर्णायक प्रयोग जिवंत पेशीतच व्हायला हवा : पॉलिअमाइन कमी करा, फॉस्फोरिलेशन घटते का पाहा, मग ते परत द्या.

इथे दिल्लीशी संबंध येतो. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील जनुकशास्त्र विभागात वनस्पतींतील पॉलिअमाइनवर दीर्घकाळ काम करणारे एम. व्ही. राजम यांनी १९८५ साली वाइनस्टाइन आणि गॅल्स्टन यांच्यासह एक शोधनिबंध लिहिला. डीएफएमओ हे द्रव्य ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज बंद पाडते. ते वापरून त्यांनी घेवड्यावरील तांबेरा रोखला. बुरशी प्रामुख्याने याच मार्गावर अवलंबून असते. बहुतेक वनस्पतींकडे मात्र आर्जिनिनपासून जाणारा दुसरा मार्गही आहे, म्हणून घेवडा वाचला. आपल्या प्रश्नासाठी यातला धडा असा की वनस्पतिपेशीत फक्त डीएफएमओ घालून ‘पॉलिअमाइन काढले, तरी फॉस्फोरिलेशन घटले नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे. आधी पॉलिअमाइनचे प्रमाण मोजून ते खरोखर घटले आहे, याची खात्री करायला हवी.

तेव्हा उत्तरपत्रिकेत वाक्य असे लिहा : ‘स्पर्मिन शुद्ध केसीन कायनेज २ ला उत्तेजित करते, जिवंत केंद्रकात हे नियमन किती प्रभावी आहे, हे मोकळ्या स्पर्मिनच्या प्रमाणावर ठरते.’ वाक्य लांबले आहे, पण ते पुराव्याइतकेच बोलते.