किल्ली कुणाला ठाऊक होती?

हौशी नाट्यमंडळांना रहस्यनाट्य फार प्रिय. त्यामागचं कारण बरंचसं व्यवहाराचं आहे. एक दिवाणखाना, पाच-सहा पात्रं, एक टेलिफोन, एक कात्री आणि दाराची एक किल्ली, एवढ्यावर संध्याकाळ निभते. बँकेतली, शाळेतली, दुकानातली माणसं दिवसभराचं काम उरकून तालमीला जमणार; त्यांना राजवाडे आणि फिरता रंगमंच कुठून परवडणार? फ्रेडरिक नॉट यांचं 'डायल एम फॉर मर्डर' अशा मंडळांच्या अगदी बेताचं नाटक. १९५२ साली ते आधी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर झालं, मग लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही गेलं. १९५४ मध्ये हिचकॉकनं त्याचा चित्रपट केला. आपल्याकडचा १९८५ चा 'ऐतबार' त्याच घराण्यातला.

बेळगावात एका हौशी मंडळानं या नाटकाचा मराठी प्रयोग केला. नावं आपली, घर आपलं, गोष्ट तीच. टेनिस सोडलेला टोनी बायकोच्या पैशावर जगतोय. तिचं एका लेखकाशी प्रेम जुळलं होतं, हे त्याला कळलंय. तो एका जुन्या ओळखीच्या माणसाला पेचात पकडतो आणि पैसे देऊन बायकोच्या खुनाला तयार करतो. ठरलेल्या रात्री तो माणूस तिचा गळा आवळतो, पण तिच्या हाताला कात्री लागते आणि मरतो तो. मग टोनी पुरावे असे फिरवतो की फाशीची शिक्षा तिलाच होते.

हे सगळं सांगून टाकलं म्हणून कुणी रागावू नये. ॲगाथा ख्रिस्तींच्या 'माउसट्रॅप'मध्ये खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती करतात. नॉटच्या नाटकाला तशी गरजच नाही. खुनाचा बेत कुणाचा, हे पहिल्याच अंकात आपल्यासमोर ठरतं. आमच्यासारख्या गावात हे फार सोयीचं. इथं पहिल्या प्रयोगाचं रहस्य दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात पोचलेलं असतं.

पण मंडळाला हे मानवलं नाही. 'रहस्य' म्हटलं की ढगांचा गडगडाट हवा, दिवे लुकलुकायला हवेत, दर पाच मिनिटांनी 'ढॅण' असं संगीत हवं, ही समजूत. त्यासाठी वेळ काढायचा म्हणून कात्री लावली ती पहिल्या अंकातल्या लांब संभाषणाला. टोनी हसत, पेला भरत, गोड बोलत त्या माणसाला फासात ओढतो, ते संभाषण. तेच तर नाटक आहे! तिथं कुणी ओरडत नाही, कुणी हात उगारत नाही; फक्त एक सभ्य माणूस बायकोच्या मरणाचा हिशेब मांडतो. ते निम्म्यावर आणलं, आणि झटापट मात्र इतकी लांबवली की मागच्या रांगांत हसू फुटलं.

आम्हा जैनांच्या घरी आलोचना म्हणताना तीन शब्द लहानपणापासून कानावर पडतात: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि होताना पाहून मनात 'बरं झालं' म्हटलेलं. दोष तिन्हीकडे लागतो. द्रव्यहिंसा वेगळी, भावहिंसा वेगळी, हेही तिथंच शिकवतात. हे नाटक त्या तराजूत घालून बघा. जिच्या हातून माणूस मेला तिच्या मनात मारणं नव्हतं. ज्याच्या मनात होतं त्याच्या हाताला रक्ताचा थेंब नाही. कोर्टानं हात पाहिले, मन पाहिलं नाही. आणि आपण? मारेकरी पडद्यामागे थांबलाय, ठरलेला फोन येत नाही, तो निघायला लागतो, तेव्हा सगळं प्रेक्षागृह फोन वाजायची वाट बघतं. म्हणजे आपल्यालाही बेत पार पडायला हवा असतो. ही झाली अनुमोदना. नाटककारानं तिकीट काढून आलेल्या सज्जनांना अलगद तिसऱ्या शब्दात बसवलं. या जागी मंडळानं गडगडाट वाजवला. शांतता ठेवली असती तर ज्यानं त्यानं स्वतःला पकडलं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बायकोचं ते प्रेमप्रकरण पुसून टाकलं. लेखक झाला तिचा कॉलेजचा मित्र, जवळजवळ राखीभाऊ. 'फॅमिली ऑडियन्स असतं हो, लोकांना चालत नाही,' असं कारण कानावर आलं. पण मग तिचं चोरीला गेलेलं पत्र, त्यावरून आलेल्या धमक्या, यांना अर्थ काय राहिला? राखीभावाच्या पत्राला कोण घाबरतं? त्याहून वाईट म्हणजे, निष्कलंक असेल तरच बाई वाचवण्याच्या लायकीची, असं ते सांगणं झालं. मूळ नाटक नेमकं उलटं सांगतं. एका बाबतीत चुकलेली बाई दुसऱ्या बाबतीत निर्दोष असू शकते, आणि पहिल्या चुकीच्या बळावर तिला दुसरीसाठी फासावर चढवणं हा अन्याय आहे. आपल्या गल्लीबोळांत हेच ऐकायची जास्त गरज आहे.

बायकोचं काम करणाऱ्या मुलीला मात्र दाद द्यायला हवी. प्रेत पायाशी पडलंय, फोनवर नवरा म्हणतोय की पोलिसांना कळवू नकोस, मी येतोय. आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. ज्यानं मारायला माणूस पाठवला त्याच्याच आवाजानं तिला धीर यावा! तेवढा अर्धा मिनिट संगीत बंद होतं. प्रयोगातला खरा थरार तोच.

शेवटी इन्स्पेक्टर टोनीला पकडतो तो बोटांच्या ठशांवरून नव्हे. जिन्यावरच्या गालिच्याखाली किल्ली आहे हे बायकोला ठाऊक नसतं. टोनी मात्र वाकतो, किल्ली काढतो आणि दार उघडतो. गुन्हा हातावर सापडत नाही, तो त्या ठाऊक असण्यात सापडतो. मंडळानं हा प्रसंग चांगला केला, घाई केली नाही. पुढच्या प्रयोगात पहिल्या अंकालाही एवढाच वेळ द्यावा, आणि त्या बाईला तिचं प्रेम परत करावं. गडगडाटाचा खर्च वाचेल तो वेगळाच.