तिव अर्थव्यवहाराच्या विवेचनातील शेतकरी स्त्री

नायजेरियातील बेन्यू नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या तिव समाजाच्या अर्थव्यवहाराचे जे चित्र अभ्यासकांपुढे आहे, ते बव्हंशी पॉल बोहॅनन यांनी रेखाटलेले आहे. १९४९ ते १९५३ या काळात लॉरा व पॉल बोहॅनन या दांपत्याने तेथे क्षेत्राभ्यास केला. त्याच्या आधारे पॉल बोहॅनन यांनी १९५५ व १९५९ च्या निबंधांत विनिमयाच्या तीन कक्षांची उपपत्ती मांडली. पहिली कक्षा अन्नपदार्थ, कोंबड्या, शेळ्या व घरगुती उपकरणे यांची. दुसरी पितळी कांबी, गुरे, पांढरे कापड व पूर्वी गुलाम यांची. तिसरी व सर्वश्रेष्ठ कक्षा स्त्रियांवरील हक्कांची. स्त्रीच्या बदल्यात स्त्री देण्याची विवाहपद्धती ब्रिटिश प्रशासनाने १९२७ साली बंद केली, तरी वडीलधाऱ्या पुरुषांच्या विचारात ही श्रेणी टिकून होती.

या उपपत्तीचे सौष्ठव नाकारता येत नाही. तथापि तीत स्त्रीचे दर्शन घडते ते मुख्यतः विनिमयाचा विषय म्हणून. पहिल्या कक्षेतील धान्य व कंद ज्या श्रमांतून निर्माण होतात, ते श्रम मात्र तेथे अदृश्य राहतात. वस्तुतः रान साफ करणे व यामसाठी मातीचे ढीग रचणे हे पुरुषांचे काम; पुढील लागवड, खुरपणी व काढणी यांचा मोठा भार स्त्रियांवर, हे बोहॅनन यांच्याच नोंदींतून कळते. विवाहित स्त्रीला मुलाबाळांच्या पोषणापुरते शेत मिळण्याचा हक्क असे आणि त्यातील उत्पन्न तिच्या स्वाधीन असे.

१९५९ च्या निबंधातील एक निरीक्षण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मालमोटारींतून अन्नधान्य बाहेर जाताना पाहून वृद्ध अस्वस्थ झाले. स्त्रियांनी अन्न विकू नये असे त्यांनी ठरविले. स्त्रियांनी ते मानले नाही, आणि त्यांना दोषी ठरविण्यास आधार आहे असे पुरुषांनाही मनोमन वाटले नाही. बोहॅनन यात पैशामुळे जुन्या कक्षा ढासळल्याचा पुरावा पाहतात. परंतु याच प्रसंगाचा दुसरा अन्वयार्थही तितकाच स्वाभाविक आहे: घरात किती राखावे व बाजारात किती न्यावे, याचा निर्णय स्त्रीचा होता आणि तो समाजमान्य होता. पहिल्या कक्षेचे ‘कनिष्ठत्व’ हे वडीलधाऱ्या पुरुषांचे मूल्यमापन होय. विवेचकाने तेच समाजाचे मूल्यमापन म्हणून स्वीकारले.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. नवी पिके व नवी तंत्रे पुरुषांच्याच हाती दिल्याने स्त्रिया मागे पडतात, हे एस्टर बोसरप यांनी १९७० साली दाखविले. तिवांच्या श्रमविभागणीत लागवडीचे क्षेत्र वाढविले, तर खुरपणीचा भार आपोआप स्त्रीवर पडतो. कुटुंबप्रमुखालाच शेतकरी मानणारी कोणतीही विकासयोजना हा भार मोजणार नाही, आणि उत्पन्नावरील स्त्रीचा हक्कही तिच्या लक्षात येणार नाही. तिव कृषिविकासाच्या अभ्यासाचा आरंभ म्हणूनच स्त्रीच्या शेतापासून व्हावयास हवा.