संगणकीय सहकार्याचे मापन : एक चिकित्सा

कोणतेही कौशल्य मोजण्यापूर्वी मोजावयाची वस्तू निश्चित करावी लागते, हा मापनाचा प्राथमिक नियम होय. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. ही कसोटी संकुचित खरी. पण तिचे फळ एकट्या परीक्षार्थीच्या बोटांवर अवलंबून असते. संगणकाद्वारे घडणारे संदेशन व सहकार्य मात्र अनेकांच्या दरम्यान घडते. ते एकाच्या नावावर कसे मांडावयाचे, हाच खरा प्रश्न आहे.

युरोपीय आयोगाच्या 'डिजकॉम्प' आराखड्याने (२०१३, सुधारित २०२२) 'संदेशन व सहकार्य' या क्षेत्रात सहा क्षमता गणल्या आहेत. त्यांत शिष्टाचाराचाही अंतर्भाव आहे. संदेश धाडणे म्हणजेच संदेशन नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट होते. परंतु २०१७ साली ठरविलेल्या आठ पातळ्यांची वर्णने 'मला हे करता येते' अशा धर्तीची आहेत. त्यांचीच प्रश्नावली केली, तर कौशल्याऐवजी आत्मविश्वास मोजला जाण्याचा संभव असतो.

उलट टोक मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर'ने २०२० साली गाठले. कोणी किती दिवस ईमेल धाडले, याची व्यक्तिनिहाय गणना त्यात होती. टीका होताच त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने नावे वगळण्याचे जाहीर केले. तथापि दोष केवळ गोपनीयतेचा नव्हता. दहा पत्रांचे काम एका नेमक्या पत्रात उरकणारा कर्मचारी अशा गणनेत मागे पडतो.

हा वाद पुण्याला परका नाही. कर्वेनगरात १९९१ साली स्थापन झालेल्या कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील पदवीधर मुली संगणक-उद्योगात शिरतात. तेथील बराचसा लेखी व्यवहार इंग्रजीत चालतो. इंग्रजीचा सफाईदारपणा हीच सहकार्याची कुवत मानली गेली, तर मराठीत विचार करणाऱ्या मुलीची बढती चुकीच्या मापामुळे अडेल.

म्हणून गणना आणि आत्मकथन यांहून निराळी कसोटी हवी. तिघाचौघांना सामाईक कागदपत्रावर एक काम सोपवावे. दुसऱ्या दिवशी पाचव्याने केवळ त्या नोंदी वाचून ते पुढे न्यावे. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत व भाषेचे गुण वेगळे ठेवावेत. ही रीत खर्चिक व संथ आहे, आणि तिचा गुण प्रथमतः गटाचा ठरतो. परंतु सहकार्य हा गटाचाच धर्म असेल, तर त्या मर्यादेला दोष म्हणता येत नाही.